शर्करावल्कल

मातीच्या भिंतीवरून संध्याकाळचा उजेड उतरू लागला की उत्तर बिहारच्या गोठ्यांमध्ये एक हालचाल सुरू होते. ती ऐकू येत नाही. डास निदान कानाशी गुणगुणून आपण आल्याचं सांगतो. वालुमाशीला तेवढाही आवाज नाही. दोन-तीन मिलिमीटरचा मातकट देह, अंगभर बारीक लव, बसलेली असतानाही पंख पाठीवर मिटलेले नाहीत, दोन्ही बाजूंना वर उचललेले. दिवसभर ती भिंतीच्या भेगेत, ओलसर काळोखात बसून असते. दिवेलागणीला बाहेर येते आणि उडण्यापेक्षा उड्याच मारत, थांबत थांबत पुढे सरकते. वाऱ्याची साधी झुळूकही तिला झेपत नाही. वासराच्या कानाच्या पाळीवर, जिथे केस विरळ असतात तिथे ती क्षणभर टेकते. मग उठते आणि शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माणसाच्या घोट्याशी येते.

चावते ती फक्त मादी. अंडी पोसायला तिला रक्त लागतं; एरवी झाडांचा रस, मावा किड्यांनी पानांवर सांडलेला गोड द्रव, यावर तिचं भागतं. विदर्भातल्या वाचकाला ही माशी परकी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाचं नाव लागलेला, १९६५ मध्ये सापडलेला विषाणू वाहून नेण्याचा आरोप तिच्याच कुळावर आहे. पण आज आपण तिच्या पोटात शिरणार आहोत ते दुसऱ्याच एका प्रवाशाच्या मागे. इतका लहान, की त्या इवल्याशा पोटातही तो हजारोंनी राहतो.

या प्रवाशाचं नाव लेश्मानिया डोनोवानी. काळा आजार त्याच्यामुळे होतो. कलकत्त्याजवळच्या डमडमला तापानं खंगून पुढे मृत्यू पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लेश्मन यांना काही बारीक ठिपके दिसले होते. तसेच ठिपके मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही आढळले. दोघांचेही लेख १९०३ साली प्रसिद्ध झाले आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं जोडून या जिवाला नाव दिलं. ते ठिपके म्हणजे माणसाच्या देहातलं त्याचं रूप. माशीच्या देहात तो वेगळाच दिसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दिसते एक सडपातळ, दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली आकृती. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एका टोकातून लांब चाबकासारखी कशाभिका निघालेली. ती देहाला मागून ढकलत नाही. पुढे राहून त्याला ओढत नेते. काचेच्या पट्टीवरच्या थेंबात असे अनेक जीव असले की कधी कधी ते कशाभिका आत आणि शरीरं बाहेर अशा रीतीनं एकमेकांना बिलगतात आणि पाण्यात एक थरथरतं फूल उमलतं. पाहणारा डोळा तिथेच रेंगाळतो. पण जे खरं पाहायचं आहे ते या भिंगाच्याही आवाक्याबाहेरचं आहे. ते आहे त्याच्या अंगावरचं वस्त्र.

हे वस्त्र साखरेचं आहे. पेशीच्या पटलात चरबीचं मूळ रोवून लाखो साखळ्या बाहेरच्या पाण्यात डोलत असतात. एक गॅलॅक्टोज, एक मॅनोज, मधे फॉस्फेटचा सांधा. पुन्हा गॅलॅक्टोज, पुन्हा मॅनोज, पुन्हा सांधा. शरीरापासून कशाभिकेच्या टोकापर्यंत कुठेही उघडी जागा नाही. अमेरिकेतल्या साल्वातोर टर्को यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात या साखळीची एकेक कडी सोडवून पाहिली. तिचं शास्त्रीय नाव लायपोफॉस्फोग्लायकन. मी तिला मनातल्या मनात शर्करावल्कल म्हणतो. अरण्यात राहणाऱ्यानं झाडाचीच साल पांघरावी, तसं या जिवानं ज्या देहांमधून जायचं त्या देहांना ओळखीचं वाटेल असं काहीतरी पांघरलेलं असतं.

हे वस्त्र कशासाठी, ते समजून घ्यायला माशीच्या पोटातले पहिले काही दिवस पाहावे लागतात. माशीनं रक्त प्यालं की तिचं आतडं त्या रक्ताभोवती एक पातळ पिशवी विणतं. ही पिशवी कायटिनची, म्हणजे तीही एका प्रकारच्या साखरेच्या धाग्यांची. आत पाचकरस सुटतात, रक्त विरघळू लागतं. रक्तासोबत आलेला परजीवी या रसांमध्ये तग धरतो. तिथेही त्याचं वल्कल कामी येतं. तीन-चार दिवसांत पिशवी फाटते, तो बाहेर येतो, आणि नेमका तेव्हाच सर्वात मोठा धोका उभा राहतो. पचलेल्या रक्ताचा चोथा आता बाहेर टाकला जाणार आहे. ज्याला आतड्याच्या भिंतीला धरून राहता आलं नाही तो त्या चोथ्याबरोबर वाहून जाईल आणि त्याची कथा तिथेच संपेल.

हे धरून राहणं सर्वात बारकाईनं वाचलं गेलं ते डोनोवानीच्या वाळवंटी भावंडात, लेश्मानिया मेजरमध्ये. उत्तर आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या प्रदेशांत, जरबिल उंदरांच्या बिळांच्या आश्रयानं तो नांदतो आणि माणसाच्या त्वचेवर व्रण उठवतो. त्याची माशी वेगळी, फ्लेबोटोमस पापाटासी. मेजरच्या साखळ्यांना बाजूंनी छोट्या फांद्या फुटलेल्या असतात आणि त्या फांद्यांच्या टोकांवर गॅलॅक्टोज असतं. पापाटासीच्या आतड्याच्या अस्तरावर गॅलॅक्टोज ओळखून धरणारं एक प्रथिन आहे. शादेन कमहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००४ मध्ये शोधलं. फांदी त्या प्रथिनाच्या खोबणीत बसते. एक पकड अगदीच दुबळी, पण लाखो फांद्यांची मिळून ती चोथ्याच्या लोंढ्यात टिकते. याच पापाटासीला डोनोवानी पाजला तर तो तिच्या आतड्यात राहू शकत नाही. त्याच्या अंगावर योग्य जागी योग्य साखर नसते. तो वाहून जातो.

इथे थोडं थांबू या. एका परजीवीचा भूगोल, तो कुठल्या देशात नांदेल, कुणाच्या अंगावर व्रण उठतील, हे एका साखरेच्या रेणूवर अवलंबून असावं! नकाशावर आपण नद्या आणि डोंगर रेखाटतो. या जिवांचा नकाशा काढायचा तर माशीच्या आतड्याचं अस्तर रेखाटावं लागेल.

पण धरून राहणं हा अर्धाच भाग झाला. पावसाळा सरल्यावर माळरानावरून चालताना पायजम्याला कुसळं चिकटतात. चिकटण्याची कला त्यांना पूर्ण येते. सुटणं मात्र त्यांनी दुसऱ्याच्या बोटांवर सोपवलेलं असतं. आपला प्रवासी कुसळाच्या एक पाऊल पुढे गेला आहे. आतड्याला कायमचा चिकटून राहिला तर तो माशीबरोबरच मरेल. त्याला पुढे, तोंडाकडे, पुढच्या देहाकडे जायचं आहे. म्हणून साधारण आठवडा-दहा दिवसांत, पोटातलं अन्न सरू लागतं तसा तो आपलं वस्त्र बदलतो. साखळ्या वाढून जवळजवळ दुप्पट लांब होतात. आणि फांद्यांच्या टोकांवरच्या गॅलॅक्टोजवर एक नवी साखर येऊन बसते. तिचं नाव अराबिनोज, आणि तिचं हे रूप सजीवसृष्टीत क्वचितच भेटतं. टोक झाकलं जातं. माशीच्या प्रथिनाला आता धरायला काही सापडत नाही. पकड सुटते.

हा बदल माणसाला प्रथम कसा दिसला, ते आपल्या मातीशी सलगी असणारं आहे. शेंगदाण्यात एक प्रथिन असतं, गॅलॅक्टोज ओळखून त्याला घट्ट धरणारं. शेंगेला त्याचा नेमका काय उपयोग, हा वेगळा प्रश्न. पण डेव्हिड सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ते मेजर परजीवींच्या द्रवात मिसळून पाहिलं. जे परजीवी अजून कोवळे होते, ज्यांच्या फांद्या उघड्या होत्या, ते एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले आणि ते तळाशी बसले. जे पक्व झाले होते, संसर्ग करू शकत होते, ते मोकळेच पोहत राहिले. शेंगदाण्याच्या त्या प्रथिनाला त्यांच्या अंगावर बोट ठेवायला जागाच उरली नव्हती. भुईत वाढणाऱ्या एका दाण्यानं, वाळवंटातल्या माशीच्या पोटातला एक जीव निघायला तयार आहे की नाही, ते सांगितलं. सृष्टीत एकमेकांना कधीही न भेटणारे दोन जीव एकाच साखरेच्या ओळखीनं असे जवळ येतात.

डोनोवानीच्या बाबतीतही अशीच एक साधीशी गोष्ट निर्णायक ठरली होती. काळा आजार वालुमाशीतून पसरतो अशी शंका १९२० च्या दशकापासून बळावली होती. १९२४ मध्ये नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस या माशीच्या पोटात परजीवी वाढतो हे दाखवलं. पण माशी चावली आणि माणूस आजारी पडला, हा अखेरचा दुवा काही जुळेना. वर्षं गेली. शेवटी स्मिथ, हालदार आणि अहमद यांच्या लक्षात आलं की रक्ताच्या पहिल्या घोटानंतर माश्यांना मनुकांचा गोड रस दिला की त्यांच्या पोटात परजीवी विलक्षण बहरतात आणि पुढे सरकून तोंडापर्यंत पोचतात. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात, मनुकांवर पोसलेल्या अशाच माश्यांकडून, स्वतःहून तयार झालेल्या स्वयंसेवकांमध्ये काळा आजार पोचल्याचं सिद्ध केलं. इतकी वर्षं माशीला फक्त रक्तपिपासू समजलं जात होतं. ती रस पिणारीही आहे, झाडाझुडपांचीही आहे, याकडे लक्ष गेलं तेव्हा गाठ सुटली.

आता माशीच्या तोंडाशी जाऊ. तिथे परजीवींनी स्रवलेला एक चिकट गर साचलेला असतो, आणि त्यातही तीच गॅलॅक्टोज-मॅनोज-फॉस्फेटची वीण. या गरानं माशीचा घसा जवळजवळ बुजतो. ती चावते, पण रक्त नीट ओढता येत नाही. म्हणून पुन्हा चावते, पुन्हा टोचते. मोकळं होण्यासाठी तो गर ती जखमेत ओकते, आणि गरासोबत आपले प्रवासी. गर त्यांना त्वचेत जम बसवायलाही मदत करतो. म्हणजे माशीही या कथेत खलनायिका नाही. तीही कुणाचं तरी ओझं वाहणारी, घास अडकलेली, भुकेली मादी आहे.

त्वचेखाली पोचल्यावर त्या लांबलेल्या साखळ्यांचा दुसरा अर्थ उलगडतो. आपल्या रक्तात पूरक प्रथिनं सतत गस्त घालत असतात. परका पृष्ठभाग दिसला की ती त्यावर चिकटतात आणि शेवटी पेशीपटलाला भोक पाडून पेशी फोडतात. पण इथे भोक पाडणारा संच जमतो तो साखळ्यांच्या दाट रानाच्या शेंड्यावर; खालच्या पटलापर्यंत त्याला पोचताच येत नाही. तो तिथूनच गळून पडतो. मात्र पहिल्या प्रथिनाची खूण अंगावर राहते, आणि परजीवीच्या पृष्ठभागावरचंच एक विकर ती खूण कातरून तिला थोडं निराळं रूप देतं. ही खूण शरीराच्या भाषेत सांगते, याला गिळा. ती वाचून महाभक्षक पेशी येते. जिचं कामच परक्याला गिळून जाळून टाकणं, तीच या प्रवाशाचं ठरलेलं घर. आणि कातरलेल्या खुणेमुळे ती त्याला ज्या दारातून आत घेते, त्या दारातून घेताना तिची विषारी ऑक्सिजनची आग फारशी भडकत नाही.

आत गेल्यावर वल्कल अखेरची कामगिरी बजावतं. गिळलेल्या कप्प्याला आम्लाच्या आणि विकरांच्या पिशव्या येऊन मिळणार असतात. त्या भेटीला ते थोडा उशीर लावतं. फार नाही, थोडाच. तेवढ्या अवधीत परजीवी आपली लांब कशाभिका आखडून घेतो, गोल होतो, आणि ज्या वस्त्रानं त्याला इथवर आणलं ते जवळजवळ पूर्ण उतरवून ठेवतो. आता तो लेश्मन यांना दिसलेला ठिपका आहे. आता आम्लही त्याला चालतं. ज्या कप्प्यात बाकी सगळं जळून जातं तिथे तो विभागून वाढू लागतो.

मेजरमधून ही साखळी विणणारं एक जनुक काढून टाकलं तर काय होतं, हे स्टीफन बेव्हर्ली यांच्या प्रयोगशाळेनं तपासलं. बहुतेक परजीवी पूरक प्रथिनांच्या आणि महाभक्षक पेशींच्या पहिल्या तडाख्यातच गेले. जे थोडे वाचून गोल झाले ते पुढे नेहमीसारखेच वाढले, व्रणही झाला, फक्त उशिरा. वस्त्र प्रवासापुरतं होतं. पण लेश्मानिया मेक्सिकाना या त्याच्या अमेरिकन भावंडाची ही साखळी काढून घेतली तर उंदरांमधला संसर्ग अडत नाही. तो इतर कशाकशावर निभावून नेतो. एका कुळात शिकलेलं दुसऱ्या कुळाला लागू पडेलच असं नाही. म्हणून निसर्ग वाचताना वेग कमी ठेवावा लागतो.

डोनोवानीकडे पुन्हा वळलं की हेच दिसतं. सुदानमधल्या डोनोवानीच्या साखळ्या सरळ, बिनफांद्यांच्या आहेत. भारतातल्या डोनोवानीच्या साखळ्यांना ग्लुकोजच्या छोट्या फांद्या आहेत. जीव एकच, दोन देशांत दोन वस्त्रं. हे वस्त्र कुणी विणलं, असा प्रश्न मनात येतो आणि उत्तर शोधताना आपण परजीवीपाशी थांबू शकत नाही. फांदीचा आकार माशीच्या आतड्यानं ठरवला आहे. साखळीची लांबी आपल्या रक्तातल्या प्रथिनांनी ठरवली आहे. जी वीण टिकली नाही ती वाहून गेली किंवा फुटली, आणि मागे उरली ती लाखो पिढ्यांच्या माश्यांचं नि सस्तन प्राण्यांचं माप घेऊन शिवलेली. या जिवाच्या अंगावर त्याचं स्वतःचं असं फार थोडं आहे. त्याच्या त्वचेवर माशी लिहिलेली आहे, जरबिल लिहिला आहे, आणि आपणही. आपल्या पेशींवरही साखरेचं असंच आवरण असतं. त्यावरही न जाणो किती परक्यांचं माप उमटलेलं असेल.

इतकं सुंदर आहे म्हणून ते निष्पाप ठरत नाही. काळ्या आजारात आठवडेच्या आठवडे ताप उतरत नाही. डाव्या बरगडीखाली प्लीहा फुगून हाताला लागते, रक्त फिकं पडतं, त्वचा काळवंडते, आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. बिहारमध्ये हा आजार कुणाच्या दारी सर्वाधिक येतो तेही ठाऊक आहे: भूमिहीन मुसहर वस्त्यांमध्ये, जिथे भिंती मातीच्या, भेगा बुजवायला वेळ आणि पैसा नाही, आणि जनावरं माणसांच्या उशाशी बांधलेली. वालुमाशीची अळी गोठ्यातल्या शेणमिश्रित ओल्या मातीवर पोसते. म्हणजे या साखळीत गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज यांच्या पलीकडे आणखीही कड्या आहेत, आणि त्यातली एक दारिद्र्याची आहे. ती कुठल्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसते.

मग श्रद्धेनं पाहायचं कुणाकडे? मला वाटतं, ज्या बारकाव्यानं हा जीव इतका चिवट केला आहे त्याच बारकाव्यानं त्याला नाजूकही केलं आहे. जो इतक्या जणांवर विसंबून असतो त्याची वाट इतक्याच ठिकाणी अडवता येते. भेग लिंपली तरी अडते. भिंतीवर औषध फवारलं, खाटेवर मच्छरदाणी आली, रुग्ण लवकर सापडला, तरी अडते. बांगलादेशानं हे एवढ्या चिकाटीनं केलं की २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिथे काळा आजार ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जाहीर केलं. असं म्हणता आलेला तो जगातला पहिला देश.

आणि बिहारमध्ये आज एका मात्रेत दिलं जाणारं औषध पाहा. व्हेनेझुएलाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूनं बनवलेलं अँफोटेरिसिन, चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांमध्ये भरून शिरेतून देतात. रक्तात फिरणाऱ्या या गोळ्या कोण गिळतं? तीच महाभक्षक पेशी. परजीवीला जिनं आत घेतलं तीच औषधालाही आत घेते आणि नेमकी त्याच्यापाशी नेऊन पोचवते. ज्यांनी ही वाट शोधली त्यांना आधी हे माहीत असावं लागलं की ही पेशी कुणाला, कसं आणि का गिळते. त्यांनी या जिवाकडे घृणेनं पाठ फिरवली असती तर ही वाट सापडली नसती. घोट्याशी येऊन टेकणारी बिनआवाजी माशी असो की तिच्या पोटातलं साखरेचं वल्कल, त्यांच्याकडे रेंगाळून, आदरानं पाहण्याचा हा एक अगदी व्यवहारी लाभ आहे: त्या पाहण्यातून कुणाचा तरी ताप उतरतो.